बिंबराजाचे माहीम

मेगाराच्या ग्रीकांनी इसवीसनपूर्व सातव्या शतकात बॉस्फरसच्या काठी बायझँटियम वसवले. नगराचे नाव बायझस राजावरून पडले, अशी कथा आहे. हा राजा खरोखर होऊन गेला का, याची शंकाच आहे. पण पुढे रोमन अमलात त्याच नगराने आपल्या नाण्यांवर त्याचे मस्तक उमटवले.

मुंबईतल्या माहीमचा बिंबराजा याच जातकुळीतला, नशीब तेवढे वेगळे. त्याच्या राजधानीला त्याचे नाव लाभले नाही; ती झाली महिकावती. त्याचा दरबार मात्र आसपासच्या वस्त्यांनी वाटून घेतला. न्यायसभा भरे ते नायगाव, हत्ती बांधत तो माटुंगा, कुलदेवता बसली ती प्रभादेवी. भाषाशास्त्राने या व्युत्पत्ती सिद्ध होत नाहीत, पण सांगणाऱ्यांचे त्यावाचून अडलेले नाही.

राजा नेमका कोण, यावरही मतभेद आहेत. महिकावतीच्या बखरीत बाराव्या शतकात उत्तरेकडून ६६ कुळे घेऊन आलेला प्रतापबिंब आहे. दुसऱ्या परंपरेत तो देवगिरीच्या रामदेवरावाचा मुलगा भीमदेव, १२९६ सालच्या अलाउद्दिनाच्या स्वारीनंतर कोकणात उतरलेला. दोघे पुढे एकमेकांत मिसळून गेले असावेत.

ही बखर वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली संपादित केली. तिचा जुना भाग १४४८ चा, मालाडच्या नायकोराव देसल्याच्या पुढाकाराने केशवाचार्यांनी रचलेला. तेव्हा इथे सुलतानी अंमल होता. आपण कोण, कुठून आलो, हे कुळांना पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवायचे होते. बिंबराजाचे खरे मोल इथे आहे: विखुरलेल्या माणसांना त्याने एक मूळ दिले.

त्या मुळापुढे आधीचे सारे झाकले गेले. कथेत राजा येतो तो ‘बरड बेटा’वर. प्रत्यक्षात परळला बारादेवीजवळ १९३१ साली रस्त्याच्या कामात शिवाची साडेतीन मीटर उंचीची पाषाणमूर्ती निघाली. ती साधारण सहाव्या शतकातली, म्हणजे बिंबाच्याही कितीतरी आधीची. असे शिल्प घडवणारे शिल्पी आणि त्यांना पोसणारा धनी जिथे होता, ते बेट ओसाड कसे असेल?

प्रभादेवीची मूर्ती पोर्तुगीजांच्या धास्तीने लपवली होती, असे सांगतात. आजचे देऊळ अठराव्या शतकातले. जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाला तिचे नाव मिळाले, आणि एका ब्रिटिश गव्हर्नरच्या जागी बिंबराजाची देवी आली.