अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल : अंशशोधन

पुढच्या वाहनापासून अंतर राखून मोटारीचा वेग आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेचा संवेदक अचूक रोखण्याची प्रक्रिया. रडारवर चालणारी (→ रडार) ही यंत्रणा मर्सिडीझ-बेंझने एस-क्लासमध्ये १९९९ च्या सुमारास आणली. महिंद्रा एक्सयूव्ही ७०० (२०२१) मध्येही ती आहे. रडार बहुधा पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये असते. लोधिवलीवरून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर पावसाळ्यात रडारवर चिखल बसल्यास यंत्रणा तात्पुरती बंद होते. तेव्हा पुसणे बहुधा पुरते. बंपरला ठोकर बसल्यास मात्र अंशशोधन लागते : टायरची हवा व व्हील अलाइनमेंट तपासून, सपाट जागी लक्ष्यफलक मांडून किंवा गाडी ठरावीक वेगाने चालवून. रोख एका अंशाने चुकला, तर १०० मीटरवर तो सुमारे १.७५ मीटर सरकतो. त्यामुळे शेजारच्या लेनमधला ट्रक पुढचा समजला जाऊ शकतो. बोरघाटाच्या तीव्र वळणांवर (→ बोरघाट) बिनचूक संवेदकाच्या टप्प्यातूनही पुढचे वाहन निसटू शकते.