सँडिंग ब्लॉक
सँडिंग ब्लॉक हे वाहनाच्या पत्र्यावरील पुट्टी, प्रायमर किंवा रंगाचा थर हाताने घासून सपाट करण्याचे अवजार आहे. हातात मावणाऱ्या ठोकळ्याच्या तळाला काचकागद (पॉलिश पेपर) लावून ते वापरले जाते. डेंटिंग-पेंटिंगच्या लहान गॅरेजमध्ये यंत्राऐवजी बहुधा हेच अवजार वापरतात.

कार्य
कागद नुसत्या बोटांनी दाबून घासल्यास दाब बोटांखाली एकवटतो आणि थरात उथळ चर पडतात. पुट्टीवर हे चर सहज दिसत नाहीत. चकचकीत रंग दिल्यावर मात्र त्यातील प्रतिबिंब वाकडे दिसते आणि दोष उघड होतो. ठोकळ्यामुळे दाब सर्वत्र पसरतो, उंचवटे आधी घासले जातात व खोलगट भाग तसेच राहतात. ते ओळखण्यासाठी घासण्यापूर्वी पृष्ठभागावर गडद भुकटीचा पातळ थर देतात.

इतिहास
एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड हा कठीण घर्षक पदार्थ कृत्रिमरीत्या तयार केला. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये पाण्यासह वापरता येणारा काचकागद बाजारात आणला. त्यामुळे वाहनांच्या रंगकामातील धूळ कमी झाली.

आरेखन आणि विकास
नव्या ब्लॉकच्या आरेखनात परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. दरवाजासारख्या सपाट भागासाठी लांब व ताठ तळ उपयुक्त असतो, तर मडगार्डच्या गोलाईसाठी लवचीक तळ लागतो. लाकूड पाण्याने फुगून वाकडे होऊ शकते, म्हणून ओल्या घासकामासाठी रबर किंवा प्लॅस्टिक वापरतात. तळाचे माप बाजारात मिळणाऱ्या कागदावरून ठरते. लांब ब्लॉकचे एक प्रचलित माप ७० × ४२० मिमी आहे. मनगट फार न वाकवता पकड घेता यावी, हीदेखील महत्त्वाची अट असते. भारतीय शरीरमापांचे देबकुमार चक्रवर्ती यांचे संकलन १९९७ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने प्रसिद्ध केले. मुठीचा आकार ठरवताना अशा मापांचा आधार घेता येतो. प्राथमिक नमुना चाचणीच्या पत्र्यावर वापरून पाहतात, सरळ पट्टी लावून सपाटी तपासतात आणि कारागिरांच्या अनुभवानुसार त्यात बदल करतात.

कागदाची प्रत
‘पी’ या अक्षरापुढील अंक वाढतो तसा कण बारीक होतो. पी ८० च्या कणाचे सरासरी आकारमान सुमारे ०.२ मिमी, तर पी ४०० चे सुमारे ०.०३५ मिमी असते. पुट्टीला साधारणपणे पी ८० पासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने बारीक कागद वापरतात.

आरोग्य
पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते आणि त्यामुळे पुढे पत्रा गंजू शकतो किंवा रंगाला फोड येऊ शकतात. म्हणून ती कोरडीच घासतात. या कामात उडणारी बारीक धूळ श्वासावाटे शरीरात जाते. जुन्या रंगात शिसे असल्यास धोका वाढतो. काही ब्लॉकच्या तळाला छिद्रे ठेवून धूळ शोषणारी नळी जोडण्याची सोय केलेली असते. अशी सोय असली तरी योग्य मुखपट्टी वापरणे आवश्यक असते.