काळ्या चकाकीचा पाठलाग

सतराव्या शतकात पूर्वेकडून परतणाऱ्या जहाजांतून जी नवलाई ॲम्स्टरडॅम आणि लंडनच्या धक्क्यांवर उतरे, तीत जपानी पेट्या आणि कपाटे यांनी युरोपातील श्रीमंतांना विशेष भुरळ घातली. डोहासारखा खोल काळा रंग आणि त्यावर आरशाची चकाकी! लाकडावर हे साधते कसे, हे मात्र तेथील सुतारांना उलगडेना.

जपानी कारागीर उरुशी वृक्षाच्या खोडाला चिरा पाडून त्याचा चीक गोळा करीत. लोहाच्या संयोगाने तो काळा होई. पातळ थर द्यावा, वाळवावा, कोळशाने घासावा, पुन्हा थर द्यावा. हे काम महिनोन्‌महिने चाले. गंमत अशी, की हा चीक उन्हात नव्हे, तर उबदार आणि दमट हवेत कठीण होतो. ज्या विकरामुळे हे घडते, त्याचा शोध १८८३ मध्ये हिकोरोकुरो योशिदा या रसायनज्ञाने लावला. ओला चीक लांबच्या सागरप्रवासात टिकत नसे आणि युरोपात तो वृक्षच नव्हता. तेव्हा गुपित हाती लागूनही कोणाचे फारसे भागले नसते.

उरली ती नक्कल. १६८८ मध्ये जॉन स्टॉकर आणि जॉर्ज पार्कर यांचा या विषयावरील ग्रंथ ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध झाला. त्यांच्या काळ्या रोगणाचा आधार होता लाख! मद्यार्कात लाख विरघळवावी, दिव्याचे काजळ मिसळावे, थरावर थर चढवावेत, काही दिवस थांबावे आणि त्रिपोली नावाच्या मऊ मातीने पाण्याबरोबर घासून झिलई आणावी, अशी ती रीत. तिला नाव पडले ‘जॅपॅनिंग’. नाव जपानचे, द्रव्य हिंदुस्थानचे! पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर किडे जी राळ साठवतात, ती खरवडून काढणाऱ्या वनवासी कुटुंबांच्या कानी मात्र हे नाव कधी गेले नसेल. या द्रव्याच्या शास्त्रीय अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे संस्था निघाली, ती १९२४ मध्ये.

दिसायला दोन्ही चकाकी सारख्याच. पण लाखेच्या मेजावर गरम पेला ठेवला, की पांढरा डाग उमटतो आणि मद्य सांडले, की झिलई विरघळते. जपानात उरुशी चढवलेल्या लाकडी वाडग्यातून लोक वाफाळते सार पितात.