रद्दीच्या पुडीची गोष्ट

आज आपण कागदाच्या पुडीची गोष्ट ऐकूया. या गोष्टीत आपल्या बचत गटांचाही हात आहे, म्हणून ती नीट माहीत असावी.

आपल्या आज्यांच्या काळी जेवण आणि खाऊ पानावरच मिळे. पळसाची पत्रावळ, द्रोण, केळीचे पान. काम झाले की पान उकिरड्यावर जाई आणि त्याचे खत होई.

मराठीतले पहिले वर्तमानपत्र म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण'. ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. पुढे छापखाने वाढले, पेपर स्वस्त झाला आणि एसटीने गावोगाव पोहोचू लागला. वाचून झालेली रद्दी वाण्याकडे किलोवर जाऊ लागली. मग जिरे, शेंगदाणे, शेव, गरम भजी, सगळे त्याच पुडीत येऊ लागले. आपणही घरी पुऱ्या तळून पेपरवरच निथळत ठेवल्या. पेपर तेल शोषतो, एवढेच आपल्याला दिसत होते.

पण पेपर चाळला की बोटे काळी होतात, हेही आपण रोज पाहत होतो. पेपरची शाई तेलात कालवलेली असते. ती कागदात मुरते, पण पक्की वाळत नाही. गरम, तेलकट पदार्थ तिच्यावर ठेवला की ती पदार्थात उतरते. शाईत खनिज तेल असते, शिशासारखे जड धातूही असू शकतात. असे थोडे थोडे रोज पोटात जाणे लहान मुलांना जास्त बाधते. शिवाय तो पेपर किती हातांतून आलेला असतो, ते वेगळेच.

भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये याबद्दल इशारा दिला. तो आमच्यापर्यंत पोहोचला नाही. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली आणि कागदी पिशव्यांना मागणी वाढली. आम्हीही रद्दी आणली, खळ शिजवली, पिशव्या चिकटवल्या. बऱ्याच पिशव्या भजीच्या गाड्यांवर आणि फरसाणाच्या दुकानांत गेल्या. चार पैसे हातात आले, प्लॅस्टिक हटवल्याचा अभिमानही वाटला. त्याच २०१८ च्या केंद्राच्या नियमांत मात्र लिहिले होते, की खाद्यपदार्थ ठेवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नये.

हे कळले तेव्हा बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग एक ताई म्हणाल्या, "पिशव्या बंद केल्या तर माझा हप्ता कोण भरणार?" प्रश्न खरा होता. म्हणून आम्ही काम बंद केले नाही, गिऱ्हाईक बदलले. रद्दीच्या पिशव्या आता बांगड्या, कटलरी, कापडाच्या दुकानांत देतो. खाण्याच्या दुकानांसाठी द्रोण-पत्रावळीचे काम पुन्हा सुरू केले. गिऱ्हाईक मिळेपर्यंत कमाई घटली, हेही सांगायला हवे.

घरी एवढे करूया. तळण स्टीलच्या चाळणीत निथळू द्या. पोळ्या धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळा. मुलांचा डबा पेपरमध्ये बांधू नका. भजी घ्यायला जाताना घरचा डबा न्या. आणि पुढच्या बैठकीत आपापल्या गटात विचारा, आपण केलेल्या पिशवीत शेवटी काय भरले जाते?