कोंडवाड्याची पावती

दिवाळीला आलेला माझा भाचा यंदा फराळाला बसला तो चेहरा पाडूनच. इंग्लंडात एका दुकानाच्या आवारात त्याने मोटार ठरल्या वेळेहून अधिक उभी केली होती. आवार सांभाळणाऱ्या खाजगी कंपनीने आता त्याच्यावर कोर्टात दावा लावला होता.

"मामा, मला दंड करायला ही कंपनी म्हणजे काय सरकार आहे?" त्याने विचारले.

मला आमच्या भंडारा जिल्ह्यातला जुना कोंडवाडा आठवला. धानाच्या बांधीत कुणाची गाय शिरली की शेतकरी ती धरून कोंडवाड्यात घाली. धन्याने दंड भरून पावती घेतली म्हणजे ती सुटे. हा व्यवहार १८७१ च्या कायद्याने बांधलेला होता. गाईने नुकसान केलेले असावे लागे. २४ तासांच्या आत ती कोंडवाड्याकडे रवाना करावी लागे. दंडाचे दरही सरकारी. गाय बेकायदा धरली असेल, तर १० दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करता येई. ती खरी ठरल्यास दंड परत मिळून वर १०० रुपयांपर्यंत भरपाई. म्हणजे धरणाऱ्यालाही जाब द्यावा लागे!

शेतात शिरलेले गुरू अडकवण्याचा हक्क इंग्लंडातही फार जुना. १९९० नंतर मोटारीच्या चाकाला कुलूप ठोकणाऱ्यांनी कोर्टात याच हक्काचा आधार घेतला. मोटारीने नुकसान केलेले नाही, म्हणून कोर्टाने तो मानला नाही. मात्र फलक वाचून मोटार उभी करणाऱ्याने ती अट पत्करली, असे म्हटले. २०१२ साली इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जागेतली ती कुलपे बंद झाली. उरला तो करार. २०१५ साली बेविस यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५६ मिनिटे अधिक थांबल्याचे ८५ पौंड मान्य केले. फलक मोठे व स्पष्ट होते, हेही तेव्हा पाहिले गेले. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम, लिहिलेल्या रकमेच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देते.

मी म्हटले, "अरे, हा दंड नव्हे, करारावरचे मागणे आहे. पण म्हणून कागद फेकू नकोस. दाव्याचा कागद पोचल्यापासून १४ दिवसांत उत्तर गेले पाहिजे. निदान पोच तरी धाड, म्हणजे २८ दिवस मिळतील. फलक स्पष्ट होता का, दावा लावण्याचा अधिकार कंपनीला आहे का, रक्कम फलकावरचीच आहे का, एवढे विचार."

"फलक तर मी वाचला होता, मामा," तो हळूच म्हणाला. "पण मागताहेत ते त्याहून पुष्कळ जास्त."

"मग गाय धानात शिरली होती म्हणायची! फलकावरचे भर, आणि वर चढवलेल्याचा जाब माग."

तेव्हा कुठे त्याने चकलीला हात घातला.