गोठलेल्या सीलरची कुळकथा

लग्नसराईत उघडलेला लाकडाच्या पॉलिशकामातील सीलरचा डबा दिवाळीच्या सुमारास मधासारखा दाट झालेला आढळला, तरी तो उकिरड्यावर न टाकता थिनर ओतून पुन्हा कामास लावण्याची जी वहिवाट सेनगाव तालुक्यातील गोरेगावासारख्या गावांच्या सुतारशाळांत आज रुजली आहे, तिचे कुळ शोधीत गेल्यास आपण थेट दारूगोळ्याच्या कोठारापाशी येऊन ठेपतो.

या सीलरपूर्वीची पॉलिशे इतकी क्षमाशील नव्हती. पळस, बोर, कुसुम या वृक्षांवरील कीटकांच्या लाखेपासून केलेला चपडा स्पिरिटात भिजवून बोळ्याने घोटीत. परंतु हे द्रावण फार दिवस साठविले, की लाखेतील आम्ले आणि मद्यार्क यांचा मंदगतीने संयोग होतो आणि मग कितीही नवे स्पिरिट घातले तरी पातळ झालेले ते पॉलिश लाकडावर चिकटच राहते. जवसाच्या तेलाचे व्हार्निश तर हवेतील प्राणवायू शोषूनच वाळते, म्हणून त्यावर एकदा धरलेली साय कोणत्याही तारपिनाला दाद देत नाही.

1846 साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे शोनबाइन या रसायनज्ञाने कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून स्फोटक कापूस सिद्ध केला. पुढे पहिल्या महायुद्धात याच कापसापासून केलेल्या कॉर्डाइट या बंदुकीच्या दारूसाठी ॲसिटोन या द्रावकाचा तुटवडा पडला, तेव्हा रसायनज्ञ वाइझमन यांनी मक्यासारख्या धान्याचे पिष्ट जिवाणूंकडून आंबवून ते मिळविले. मात्र त्याबरोबर दुपटीने निघणाऱ्या ब्यूटेनॉलला कोणी विचारीना. युद्ध सरले आणि या उपेक्षित द्रवापासूनच ब्यूटिल ॲसिटेट करून त्यात तोच कापूस, कमी नत्रित करून, विरघळविण्यात आला. 1923-24 च्या सुमारास अमेरिकेत मोटारींना हा ‘ड्यूको’ रंग लागू लागला, आणि ज्या कामास वाळावयाला आठवडे लागत ते तासांवर आले. आपल्या एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) सीलरचे हेच घराणे. घासकाम सुकर व्हावे म्हणून त्यात झिंक स्टिअरेटची पूड तेवढी अधिक. (कपाशी पिकविणाऱ्या मराठवाड्यास हे नाते ठाऊक असावयास हरकत नाही.)

या सीलरच्या वाळण्यात द्रावक उडून जाण्यापलीकडे काहीही घडत नाही, हेच त्याच्या पुनरुज्जीवनाचे रहस्य. जाणता कारागीर प्रथम दाट गोळ्याचा लहानसा तुकडा काचेच्या पेल्यात थिनरमध्ये टाकून ठेवतो. तो कडेपासून विरत गेला, तर डबा वाचला. मग एन.सी. थिनर थोडाथोडा घालीत, तळाशी बसलेली पूड काठीने खरवडून वर आणीत ढवळावयाचे, झाकण लावून रात्रभर मुरू द्यावयाचे आणि जुन्या मलमलीतून गाळावयाचे. स्वस्त म्हणून रॉकेल घातले, की कापूस द्रावणातून फुटून दह्याच्या फोडी व्हाव्यात तशा गुठळ्या होतात. डबा गंजला असेल अथवा पेल्यातील तुकडा नुसताच फुगला असेल, तर त्यावर थिनर खर्ची घालणे व्यर्थ होय. हे सारे काम चुलीपासून दूर, उघड्या ओसरीवर करावे. स्फोटक पूर्वजाचा गुण वंशजाने पुरता टाकलेला नाही.

श्रावणात आणखी एक अडचण. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंडावतो, दमट हवेतील पाणी त्यावर धरते आणि सागवानावर पांढुरका पडदा येतो. अशा दिवसांत सावकाश उडणारा रिटार्डर थोडासा मिसळतात, किंवा सरळ उघडीप होण्याची वाट पाहतात.