काम चालू ठेवून दोष कसा शोधावा?

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. तेव्हाच्या औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली येथे कारखाना उभारला. लोखंडी नांगर आणि पुढे पंप येथे तयार होऊ लागले. कोणताही कारखाना घेतला तरी दोन प्रश्न रोजचेच असतात. कोणते काम कोणत्या यंत्रावर लावायचे? आणि माल बिघडला तर दोष कुठे शोधायचा? अनुभवी मिस्त्री दोन्हींचा विचार एकदमच करतो.

संगणकशास्त्रात मात्र हे प्रश्न वेगळ्या वाटांनी गेले. १९७१ साली फाइक्स आणि निल्सन यांनी ‘स्ट्रिप्स’ ही पद्धत मांडली. प्रत्येक कृतीच्या अटी व परिणाम सांगितले, की उद्दिष्टापर्यंत नेणारा कृतींचा क्रम संगणक लावतो. १९८७ साली राइटर यांनी, तसेच डी क्लेर व विल्यम्स यांनी निदानाचे तर्कशास्त्र मांडले. यंत्र कसे चालायला हवे आणि कसे चालते, यांतील विसंगतीवरून दोषी भाग ओळखायचा.

एक उदाहरण घेऊ. अ आणि ब हे दोन लेथ, क आणि ड ही दोन ड्रिल यंत्रे. अ व क यांवरून गेलेला भाग खराब निघाला. दोष एकाच यंत्रात आहे व तो कायमचा आहे, असे मानू. सगळे थांबवून तपासले तर दिवस वाया जातो, मालही रखडतो. पुढचे काम ब व ड यांवर लावले तर माल चांगला निघेल, पण दोष कळणार नाही. आता ते अ व ड यांवर लावू. भाग चांगला निघाला तर दोष कमध्ये. खराब निघाला तर अमध्ये. फार तर आणखी एक नग वाया जाईल, पण कारखाना थांबणार नाही.

झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील कुन, डी क्लेर व सहकाऱ्यांनी २००८ साली नेमकी हीच कल्पना मांडली. अनेक छपाई यंत्रे जोडलेल्या संचात कागदाला बरेच मार्ग मोकळे होते. छपाई होता होताच संशयितांची परीक्षा घडेल, असे मार्ग त्यांची योजना निवडत असे. दोष अधूनमधून डोके वर काढणारा असेल, तर एका परीक्षेने भागत नाही. तेथे संभाव्यतेचे गणित लागते.

वर्गात चार यंत्रांचे हे कोडे फळ्यावर मांडता येईल. पुढचे काम कोठे लावावे हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे. योजना आणि निदान एकमेकांना कसे उपयोगी पडतात, हे त्यातून त्यांना आपोआप उमगेल.